दाव्याला बाध न येता

नोकरीसाठी एखाद्या माणसाची चौकशी करायची तर ती त्याच्या मित्रांकडे कधीही करू नये, असं माझं ठाम मत आहे. मित्र गोड बोलतात. जुने साहेब त्याहून गोड बोलतात, कारण माणूस एकदाचा आपल्याकडून जातोय याचा त्यांना आनंद झालेला असतो. ज्या मोठ्या कंपनीत मी पुढे सगळी नोकरी काढली, तिथे शेवटी शेवटी हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. फोन लावायचा आणि विचारायचं, अमुक उमेदवार कसा आहे? पलीकडून तेच ते यायचं. कष्टाळू, मनमिळाऊ, जबाबदार. मला जांभया आवरायच्या नाहीत. तोंडावर आलेलं वाक्य मी कितीदा तरी गिळलंय, की अहो, याचं कुणाशी भांडण आहे का? असलं तर त्याचा नंबर द्या.

माझी स्वतःची चौकशी ज्या गृहस्थांकडे झाली, ते त्या वेळी आमच्याविरुद्ध कोर्टात उभे होते. त्यामुळे या विषयात माझे विचार जरा वेगळे आहेत.

रत्नागिरीहून जयगडकडे जाणाऱ्या एसटीत पाऊण तास हाडं खिळखिळी करून घेतली की आमची वाडी यायची. वाडीत सगळे आमचे भाऊबंद, एका आडनावाचे. वेगळ्या आडनावाचं घर एकच, ते आमच्या शेजारी. त्या घरच्या कर्त्या माणसाला आमच्या घरात कुणी नावाने ओळखत नसे. ते 'प्रतिवादी'. आई सहज म्हणायची, "प्रतिवादींकडे आज बांगडे भाजतायत वाटतं." त्यांच्या घरात बाबांना 'वादी' म्हणत. मी शाळेत असताना सुरू झालेला दावा मी डिप्लोमा घेऊन घरी बसले तरी तरुणच होता.

दावा गडग्याचा. आमचं आगर, म्हणजे घरालगतची बाग, आणि त्यांचं आगर यांच्यामध्ये जांभ्या दगडांची, कमरेएवढी, नुसती रचलेली भिंत होती. तिला आमच्याकडे गडगा म्हणतात. एका पावसाळ्यात तो गडगा ढासळला आणि पुन्हा रचला गेला. बाबांचं म्हणणं, रचताना प्रतिवादींनी तो हातभर आमच्याकडे सरकवला. प्रतिवादींचं म्हणणं, हातभर सरकला खरा, पण त्यांच्याकडे. त्या हातभर जागेत एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड होतं. कोर्टाने 'जैसे थे'चा हुकूम दिला आणि झाडाला कुणीही हात लावायचा नाही असं ठरलं. रातांबे पिकून लालबुंद व्हायचे, टपटप गळायचे, आणि दोन्ही पडव्यांतून दोन पुरुष एकमेकांवर डोळा ठेवून बसायचे. आमसुलं मात्र दोघांच्याही घरी बाजारातून विकत यायची, असं त्या दोघांना वाटायचं. प्रत्यक्षात आई आणि शेजारची काकू पहाटे मिळून रातांबे वेचत आणि निम्मे निम्मे वाटून घेत. दाव्यात बायका पक्षकार नव्हत्या.

बाबा आणि प्रतिवादी यांचं बोलणं बंद होतं. अगदीच काही सांगायचं झालं तर ते रातांब्याला सांगत. "रातांब्या, कुणाची तरी म्हस आमच्या नाचण्यात शिरली हाय." मग पलीकडून रातांब्यालाच उत्तर येई, "रातांब्या, म्हशीला कोर्टाचा हुकूम वाचता येत नाय." कोर्टाच्या तारखेला दोघे एकाच एसटीने रत्नागिरीला जात, कारण दुसरी एसटीच नव्हती. प्रतिवादी पुढे बसत, बाबा मागे. पण बाबांना थांब्यावर यायला उशीर झाला तर प्रतिवादीच कंडक्टरला म्हणत, "जरा दम धरा, आमचे वादी यायचे हायत." वादी आला नाही तर पुढची तारीख पडणार आणि सगळी खेप फुकट जाणार, हा त्यामागचा हिशेब. आपुलकी असली तरी ती कुणी कबूल केली नसती.

अशात मला नोकरी लागायची वेळ आली. टेलिफोन एक्स्चेंज आणि कॉम्प्युटर बनवणारी पुण्याजवळची मोठी कंपनी होती. मी पुण्याला जाऊन मुलाखत देऊन आले, आणि तुमची निवड झाली आहे, फक्त चौकशी बाकी आहे, असं कळलं. मला आकाश ठेंगणं झालं. कॉम्प्युटर मी तोवर लांबूनच पाहिला होता, काचेपलीकडचा. वाडीतले रेडिओ, बॅटऱ्या आणि देवळातला लाऊडस्पीकर दुरुस्त करून मी वर्ष काढलं होतं. त्याच वर्षात माझ्या मुंबईच्या मामाने स्थळं बघायचा सपाटा लावला होता. ही नोकरी हुकली असती तर पावसाच्या आत मला बोहल्यावर उभी करायचं पक्कं झालं होतं. नवरा कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं. मला लग्नाचा राग नव्हता, पण त्या काचेपलीकडे जायची घाई होती.

कंपनीच्या फॉर्मवर दोन माणसांची नावं द्यायची होती. माणूस प्रतिष्ठित हवा, उमेदवाराला बरीच वर्षं ओळखणारा हवा, आणि नात्यातला नको. एक नाव पॉलिटेक्निकच्या सरांचं दिलं. दुसरा माणूस राहत्या गावचा पाहिजे होता. आम्ही सगळे पडवीत बसून माणूस शोधायला लागलो. शाळेचे मास्तर मावशीचे यजमान. डॉक्टर आईचे लांबचे मामेभाऊ. चहाच्या टपरीचे मालक बाबांचे चुलत चुलते. पोस्टमास्तर परके होते, पण ते गेल्याच दिवाळीत बदलून आले होते. सगळी नावं संपली, आणि आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग एकच घर उरलं."

बाबा दुसऱ्या दिवशी उठून रत्नागिरीला वकिलांकडे गेले. त्यांना एक कायदेशीर शंका होती. आपल्या घरच्या कागदावर प्रतिवादींना 'प्रतिष्ठित' म्हटलं तर काय होईल? वकील खुर्चीतून उठलेच. दाव्यात आपण त्यांना लबाड, कपटी आणि कायदा न जुमानणारा इसम म्हटलंय, आता प्रतिष्ठित म्हणून लिहून देताय? बाबांनी मान खाली घातली. मग वकिलांनीच वाट काढली. मुलगी सज्ञान आहे, तिचं म्हणणं वादीवर बंधनकारक नाही.

बाबा घरी आले आणि टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "तू लिव. मी वाचलेलं नाय."

मी लिहिलं. मग विचारलं, की निदान त्यांना सांगायला तरी नको का, उद्या कोणी विचारायला आलं तर ते गोंधळतील.

"सांगायचं नाय," बाबा म्हणाले. "सांगितलं म्हणजे उपकार मागितल्यासारखं होईल."

"पण मग त्यांना कळणार कसं?"

"खरं बोलायला माणसाला आगाऊ कळवावं लागतं काय गो?"

बाबांचा आपल्या वैऱ्यावर एवढा भरवसा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं.

आता इथे एक घोटाळा झाला, आणि तो आमच्याकडेच होऊ शकतो. आधीच्या तारखेला कोर्टाने गडग्याची जागेवर पाहणी करायला कमिशनर नेमला होता. तो कधीही येऊन धडकेल, असं दोन्ही वकिलांनी आपापल्या पक्षकारांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे एप्रिलभर दोन्ही घरं कमिशनरच्या वाटेकडे डोळे लावून होती. प्रतिवादींनी आपल्या बाजूचं गवत काढून गडग्याचा पाया खरवडून स्वच्छ केला होता. बाबांनी जमिनीचा नकाशा उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली होती. आणि दोघांनीही, एकमेकांना न कळता, एसटीच्या कंडक्टरला सांगून ठेवलं होतं की बूटवाला, बॅगवाला कोणी उतरला तर आरोळी ठोक.

तेव्हा कंपनीचे साहेब पुण्याहून आले. पायात बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात काळी ब्रीफकेस. कंडक्टरने त्यांना थांब्यावर उतरवलं आणि टपरीकडे तोंड करून आरोळी ठोकली, "कमिशनर आले हो!" साहेबांना वाटलं असेल, इकडे पाहुण्यांचं असंच स्वागत करतात.

त्यांनी टपरीवर चहा घेता घेता आमच्या घराबद्दल विचारलं. टपरीवाले आजोबा म्हणाले, "ओळखत नाय." बाकड्यावर बसलेल्या दोघातिघांना विचारलं. तेही ओळखत नव्हते. सगळ्यांची आडनावं आमचीच होती. पण कोर्टाच्या माणसाला ओळख सांगितली म्हणजे साक्षीत नाव लागलं, आणि साक्षीत नाव लागलं म्हणजे शेतीची कामं टाकून रत्नागिरीच्या खेपा, हे वाडीतल्या लहान पोरालाही कळत होतं. साहेब बिचारे कोड्यात पडून प्रतिवादींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभे राहिले.

मी तेव्हा आमच्या आगरात, गडग्याला लागूनच, रातांबे फोडत बसले होते. हे आमच्या दुसऱ्या, निर्विवाद झाडाचे. आमसुलांसाठी साली वेगळ्या करायच्या, बिया वेगळ्या. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. पलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"मी चौकशीसाठी आलोय. तुमच्या शेजारच्यांबद्दल. जरा गोपनीय आहे," साहेब म्हणाले.

"या, या. गोपनीय कसला त्यात? अख्ख्या वाडीला म्हायत हाय. आधी सरबत घ्या, मग जागेवर जाऊ."

"जागेवर?"

"मग हितं बसून काय दिसणार तुमाला?"

कमिशनर आला, हे माझ्या लक्षात आलं. मी आईला खुणेनेच सांगितलं, बाबांना बोलव. बाबा काजूच्या बागेत होते. तोवर साहेबांना घेऊन प्रतिवादी गडग्यापाशी आले. मी खाली वाकून बसले.

"हे कुटुंब तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"ओळखत नाय."

"पण शेजारी राहता ना?"

"ऱ्हातो. ओळख नाय."

"बरं. माणसं प्रामाणिक आहेत का?"

"तुमीच बगा." प्रतिवादींनी गडग्यावर थाप मारल्याचं ऐकू आलं. "ह्यो खालचा पाया जुना. ह्यो वरचा थर नवा. मध्ये किती फरक हाय? आता तुमीच सांगा, प्रामाणिक हायत काय."

साहेबांनी दगड पाहिले असावेत. मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"पोलीस केस वगैरे काही?"

"पोलीस नाय. दिवाणी हाय. चालू हाय."

"कुणाशी?"

"माझ्याशीच की."

पेन थांबलं. मग साहेब जरा खाकरून म्हणाले, "आणि मुलीबद्दल काय सांगाल?"

"मुलीचा ह्यात काय संबंध? ती पक्षकार नाय. पण सांगून ठेवतो, ती पण त्यांच्याच बाजूनं बोलणार."

माझ्या हातातला रातांबा हातातच राहिला. कोर्टाचा माणूस मुलीबद्दल कशाला विचारेल? इतक्यात साहेब कागद बघून म्हणाले, "म्हणजे तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, हे तरी खरं ना?" आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. हातभर नाही, पार मुंबईच्या मामापर्यंत.

मी उठणार तोच बाबा धापा टाकत आले. डोक्यावर कोर्टात जायची टोपी, काखेत नकाशाची गुंडाळी, हातात मोजायची टेप. "कमिशनरसाहेब!" ते लांबूनच ओरडले. "आधी त्यांच्याकडे सरबत घेतलंत, हे पंचनाम्यात लिवा!"

पुढे जे झालं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, आणि मी एकटी असले तरी हसू फुटतं. बाबांनी टेपचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, ते प्रतिवादींनी न सांगता धरलं, कारण दुसऱ्या कुणी धरलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. साहेब ब्रीफकेस काखोटीला मारून टेप धरून उभे. "जरा मागं सरा," बाबा म्हणाले. साहेब मागे सरले ते थेट वादग्रस्त झाडाखालच्या पिकलेल्या रातांब्यांवर. त्यांचा एक बूट चिखलात बुडावा तसा बुडाला आणि पांढरा मोजा लाल झाला. "हुकमाचा भंग!" प्रतिवादी ओरडले. "त्या फळांना हात लावायचा नाय!" "हात नाय, पाय लावलान!" बाबा म्हणाले. गडग्यावरचे दोन दगड गडगडत खाली आले. साहेब म्हणायचा प्रयत्न करत होते, "अहो, पण मी..." आणि कोणी त्यांना म्हणू देत नव्हतं.

मी एकदम उभी राहिले. कोपरापर्यंत लाल हात घेऊन गडग्यामागून उगवलेली मुलगी बघून साहेब दचकले.

"हे कोर्टाचे नाहीत!" मी ओरडले. "हे माझ्या नोकरीचे आहेत!"

टेप सैल पडली. एक रातांबा टप्पकन पडला, तेवढाच आवाज.

"कसली नोकरी?" प्रतिवादींनी विचारलं. किती वर्षांनी ते माझ्याशी सरळ बोलत होते.

"पुण्याची. मी तुमचं नाव दिलंय. प्रतिष्ठित आणि ओळखीचे म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं नाही. ते झाडाकडे वळले. "रातांब्या, ह्यांच्या दाव्यात तर मी लबाड आणि कपटी इसम हाय. प्रतिष्ठित कधी झालो?"

बाबाही झाडालाच म्हणाले, "रातांब्या, पोरगी सज्ञान हाय. तिचं तिनं लिवलान. मी वाचलेलं नाय."

साहेब तोवर जरा सावरले होते. ते म्हणाले, उमेदवारासमोर चौकशी करण्याची कंपनीची पद्धत नाही, तेव्हा तुम्ही दोघं कृपया लांब जा. आम्ही लांब गेलो. म्हणजे आमच्या बाजूने गडग्याला पाठ लावून खाली बसलो. तिथून ऐकू येतं हे साहेबांना माहीत नव्हतं. प्रतिवादींना पक्कं माहीत होतं, आणि हे मला सांगितलंच पाहिजे.

आधी जे बोलून झालं तेच कागदावर राहिलं असतं तर मी संपले होते. बोलणं बदललं तर ते संपले होते, कारण आमच्या घराबद्दल एक बरा शब्द, आणि तोही बाबा ऐकत असताना, म्हणजे त्यांच्या वकिलाच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. मी बाबांकडे पाहिलं. बाबा एका मुंगळ्याकडे पाहत होते.

"आदी लिवलंत ते खोडा," पलीकडून आवाज आला.

"सगळं?"

"सगळं. विचारा आता पयल्यापासून."

"किती वर्षं ओळखता?"

"जन्मल्यापासून. तिच्या बारशाच्या घुगऱ्या आमच्या चुलीवर शिजल्या होत्या."

"मघाशी तर ओळखत नाही म्हणालात."

"तेव्हा तुमी कोर्टाचे होतात."

साहेबांनी पान उलटलं. मग म्हणाले, "कामाला कशी आहे?"

"पहाटे उठून मोठ्यानं अभ्यास करायची. गडगा हाय, पण कान थोडेच बंद होतात? मला पण पाठ झालंय तिचं अर्धं. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, असतात ना? बगा." मग ते जरा थांबले. "आमचा रेडिओ बंद पडला होता. बोलणं बंद, मग सांगणार कुणाला? आमच्या मंडळींनी तो गडग्यावरून तिच्या आयशीकडे दिलान. दोन दिवसांनी परत आला, चालू होऊन. वर एक कागदाची पुडी. तिच्यात एक स्क्रू. जोडताना एक स्क्रू उरला म्हणून तो पण परत पाठवलान."

"स्क्रू?"

"एवढासा. मला तर म्हायतही नव्हतं रेडिओत किती स्क्रू असतात. तिनं ठेवून घेतलान असता तर मी काय मोजायला जाणार होतो? चालू दावा, आमी वैरी, आणि एवढ्याशा स्क्रूची पुडी परत. लिवा, साहेब. सचोटी म्हणून ते तुमचं असेल त्याच्यापुढं हे लिवा."

पेन भराभर चाललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लाल हाताने पुसलं म्हणून आणखी आलं.

"आणि घरचे लोक?" साहेबांनी विचारलं. "तेही प्रामाणिक?"

बाबांनी मुंगळ्यावरची नजर काढली. मला वाटलं, इथे प्रतिवादी 'ओळखत नाय' म्हणणार, आणि म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

"साहेब," प्रतिवादी हळू म्हणाले, "पोरगी हे शिकली कुठं? घरातच ना? माणसं सरळ हायत." आणि लगेच आवाज चढवून, "पण ह्यो गडगा सोडून! ह्याच्यापुढं लिवा, दाव्याला बाध न येता."

"तसा रकाना नाही हो यात."

"समासात लिवा. मी थांबतो."

साहेबांनी समासात लिहिलं. प्रतिवादींनी ते वरपासून खालपर्यंत वाचून घेतलं, सही केली, आणि साहेबांचा मोजा धुवायला घागरभर पाणी दिलं. ते डाग काही गेले नाहीत. रातांब्याचे कधीच जात नाहीत.

आम्ही अजून गडग्याला टेकूनच होतो. बाबा पुटपुटले, "स्क्रू परत पाठवला होतास काय?"

"तुम्हीच पाठवायला लावलात," मी म्हटलं. "म्हणालात, त्याचं काही आपल्याकडे ठेवू नको, उद्या तेवढ्यावरून आणखी एक दावा लावील."

बाबा विचारात पडले. "तसं म्हटलो असेन," ते म्हणाले, आणि उठून काजूच्या बागेत निघून गेले. त्या दिवशी ते जेवायलाही उशिरा आले.

नेमणुकीचं पत्र आलं. पोस्टमन आधी प्रतिवादींच्या खळ्यातून जायचा, त्यामुळे बातमी त्यांना आधी कळली. बाबांनी झाडाला पेढे दाखवून सांगितलं, "रातांब्या, पोरीला नोकरी लागली." पलीकडून उत्तर आलं, "रातांब्या, त्यांना सांग, शिळी बातमी हाय." पेढे आईने पहाटे काकूकडे पोचवले.

मी पुण्याला निघाले त्याच दिवशी दाव्याची तारीख होती, कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधीची शेवटची. त्यामुळे आम्ही तिघं एकाच एसटीने रत्नागिरीला आलो. प्रतिवादी पुढे, मी आणि बाबा मागे, पायाशी माझी लोखंडी ट्रंक. स्टँडवर उतरलो तर आमचे वकील समोरच्या हॉटेलातून चहाचा कप घेऊनच धावत आले. वाडीतल्या कुणीतरी त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं.

"अहो, आपण जिंकलो!" ते म्हणाले. "प्रतिवादीने परक्या माणसासमोर कबूल केलं, तुम्ही सरळ माणसं आहात म्हणून. लिहून दिलं! कंपनीकडून कागद मागवू. आणि तुम्ही तर स्वतः ऐकलंत. आजच अर्ज टाकतो. बोला, ऐकलंत ना?"

प्रतिवादी चार हातांवर उभे होते. त्यांच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती. त्यांनी खाणं थांबवलं.

बाबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. हा दावा जिंकायचा म्हणून त्यांनी किती खेपा घातल्या, ते मी शाळेत असल्यापासून पाहत होते. ते काय उत्तर देतील, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

"मी विहिरीवर होतो," बाबा म्हणाले.

"विहिरीवर? पण लोक म्हणतात, तुम्ही गडग्यालाच टेकून..."

"आंघोळ करत होतो. डोक्यावर पाणी ओतलं की ऐकू येत नाय."

वकील माझ्याकडे वळले. "आणि तू? तू तर शिकलेली मुलगी आहेस."

"मी पाणी शेंदत होते," मी म्हटलं. "रहाटाचा आवाज फार होतो."

सचोटीच्या रकान्यात स्क्रू भरून मिळालेली नोकरी, आणि रुजू व्हायच्या आधीच मी ही थाप मारली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. वकिलांनी आमच्याकडे, आमच्या ट्रंकेकडे आणि हातातल्या कपाकडे आळीपाळीने पाहिलं, आणि असले पक्षकार कुणाला न मिळोत अशा चेहऱ्याने ते कोर्टाकडे निघून गेले.

पुण्याची गाडी लागली होती. ट्रंक टपावर चढवायची होती. बाबांनी ती उचलून पाहिली, त्यांना एकट्याला झेपेना. इकडे तिकडे बघतात तो प्रतिवादी शेंगदाण्याची पुडी खिशात घालून, कोणालाही न विचारता, गाडीच्या मागच्या शिडीने वर चढत होते. वर गेले, धोतर सावरलं, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात खाली केले. बाबांनी ट्रंक खांद्यावर घेतली, शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि ती वर सरकवली. तिथे बोलावं असं झाड नव्हतं.

"धरलीस?" बाबांनी वर बघून विचारलं.

"धरली," वरून आवाज आला. "सोड आता. माझ्याकडं हाय."

बाबांनी मात्र लगेच सोडली नाही.